सुंदर आत्याची बॅग आज उघडली

आत्याला मी मारलं, असं आमच्या भावकीत वर्षभर बोललं जातंय.

तोंडावर फक्त थोरले काका बोलले. बाकीचे पाठीमागे.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आज मी बोलणार.

सुंदर आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि काकांची बहीण. लग्न होऊन मंद्रूपला गेली, नवरा वारल्यावर आमच्याकडे सोलापूरच्या भवानी पेठेत आली. पंचवीस वर्षं कडक भाकऱ्या करून दुकानांना दिल्या. साठाव्या वर्षी एक दिवस तवा उतरवला आणि म्हणाली, "मला फिराया जायचंय."

काका म्हणाले, "ह्या वयात? एकटी? लोक काय म्हणतील?"

"एकटी कुटं दादा, बायकांची टूर हाय की. आन् लोकांच्या तोंडात पंचवीस वर्सं भाकरी घातलीय मी. बोलत्याल कशी?"

टूरचा नियम होता, माणशी एकच बॅग. आत्याकडे दोन पिशव्या आणि एक बोचकं.

मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. शाळा दहावीपर्यंतच, पण घडी माझी चुकत नाही. नऊ दिवस मोबाईलवर रिव्ह्यू वाचले आणि कॉम्प्रेशन पॅकिंग क्यूब मागवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चौकोनी कापडी पिशवी, तिला दोन चेन. पहिलीनं पिशवी बंद होते. दुसरी ओढली की आतली हवा दबून निघते आणि कपडे निम्म्या उंचीत बसतात.

पहिल्या सेटची चेन तिसऱ्या ओढीलाच उसवली. परत केला. दुसरा सेट जाड कापडाचा, वर जाळी, म्हणजे आत काय आहे ते न उघडता दिसतं. चार इरकल साड्या भरून मी दुसरी चेन ओढली.

आत्या बघत होती. "हवा काढली की वजन कमी हुतंय व्हय रे सच्या?"

"नाही आत्या. जागा कमी होते."

"आन् वजन?"

"तेवढंच."

"मग उचलायचं मलाच की! शहाणाच हाईस."

पण रंग तिनंच ठरवले. निळ्यात साड्या, लालमध्ये आतले कपडे, हिरव्यात खायचं, आणि सगळ्यात छोट्या केशरीत बीपीच्या गोळ्या. केशरी कायम सगळ्यात वर.

पहिली सहल हंपीची. बॅग मी भरली. सवयीनं सगळ्यांच्या दुसऱ्या चेन ओढल्या.

हिरव्यात चोवीस कडक भाकऱ्या होत्या.

रेल्वेतून फोन आला. "सच्या, भुगा केलास की रे भाकरीचा!"

मी रडकुंडीला आलो. सॉरी, सॉरी म्हणत राहिलो.

"गप. दह्यात कालवला, वरनं शेंगाचटणी घातली. सगळा डबा खातुय. लई भारी लागतंय म्हणत्यात. पर ध्यानात ठेव, कापडाची दुसरी चेन वढायची. मोडणाऱ्याची न्हाय."

तीन सहली केल्या तिनं. तिसरी कन्याकुमारीची.

त्या सकाळी रिक्षा लवकर आली. काका दारात उभे राहून ओरडत होते, "तिला नादाला तू लावलंस!" मी घाईघाईत बॅग भरली, कुलूप लावलं, आणि रिक्षा कोपऱ्यावर वळल्यावर माझ्या मनात आलं:

केशरी वर ठेवली का?

आठवेना.

पाचव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर ती समुद्राकडे तोंड करून कट्ट्यावर बसली. सोबतच्या बाईला म्हणाली, "जरा टेकते." तेवढंच.

बाबा आणि काका कन्याकुमारीला गेले. अंत्यविधी तिकडेच उरकून आले. बॅग काकांनी आणली. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "घे तुझी बॅग. गोळ्या तळाला दाबून ठेवल्या असशील. सापडल्या नसतील तिला. तुझ्या पिशव्यांनी मारली माझ्या बहिणीला."

मी बॅग उचलून आत नेली.

दहाव्याला म्हणाले, न उघडता देऊन टाक कुणाला तरी.

दिली नाही. उघडलीही नाही. माळ्यावर ठेवली. वर्षभर कारखान्यात टॉवेलची घडी घालताना एकच विचार. वर होती की तळाला?

आज अंघोळ करून बॅग खाली घेतली. किल्ली हातात होती, तरी कुलूप काढायला मला पाऊण तास लागला.

केशरी सगळ्यात वर होती.

आतल्या पाकिटावर मी मार्करनं वार लिहिले होते. गुरुवार सकाळपर्यंतच्या सगळ्या गोळ्या काढलेल्या. फक्त त्या रात्रीची आणि पुढची शिल्लक.

तिनं एकही गोळी चुकवली नव्हती.

मग बाकीचे क्यूब काढले. निळा दाबून बसवलेला, अगदी मी शिकवलं तसा. हिरवा मात्र फुगलेला. दुसरी चेन उघडी. आत आपला सोलापूरचा टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेला शंख. कागदाच्या चिठ्ठीवर तिच्या हातचा एकच शब्द: दादा.

काकांच्या देवघरातला शंख तडकलाय. येईल त्याला ते सांगत असतात.

काका, तुम्ही रोज सकाळी इथे फेसबुकवर फुलांचे फोटो टाकता, म्हणून इथेच लिहितो.

बॅग मीच भरली. तीनदा भरली. तिनं सांगितलं असतं तर चौथ्यांदाही भरली असती. ती घराबाहेर पडली याची माफी मी मागणार नाही, तिच्या वतीनं तर अजिबात नाही.

शंख माझ्याकडे आहे. मी आणून देणार नाही. तुम्ही या. कन्याकुमारीपासून आमच्या दारापर्यंत तो तुम्हीच उचलून आणलात. आता दोन गल्ल्याच राहिल्यात.

चहा ठेवतो.

आत्या, सामान पोचलं. काही फुटलं नाही.

सावकाश जा आता.