माफीचा शनिवार

आमच्या मावशीच्या यजमानांइतका भित्रा माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. काका वळवाच्या गडगडाटाला भीत, बैलाला भीत, युद्धाच्या दिवसांत वर विमान घरघरलं की माजघरात उतरंडीआड जाऊन बसत. पण ही झाली किरकोळ भीती. त्यांची खरी भीती प्रभुभोजनाची, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या देवळात येशूच्या आठवणीसाठी भाकर नि द्राक्षरस घेतात त्याची. मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी बसलं तर तो घास बाधतो, असं पाळकसाहेबांनी उपदेशात कधीतरी सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते ह्या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं; काकांनी मात्र ते गाठीला बांधलं ते कायमचं.

म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी काका छत्री घेऊन साताराभर माफी मागत हिंडत. ज्याचं काही बिघडवलं नाही त्याचीसुद्धा. एकदा टांग्यात बसल्या बसल्या टांगेवाल्याला म्हणाले, "मागं तुम्हाला मी मनातल्या मनात गाढव म्हणालो होतो, क्षमा असावी." त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. "आता कळलं न्हवं! उतरा खाली," तो म्हणाला, आणि काका भर उन्हात पायी घरी आले. मावशी म्हणे, "तुमची माफी म्हणजे विकतचं दुखणं."

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. आळीच्या आळी ओस पडल्या. मावशी पाणी उकळून उकळून थकली आणि काका दाराची कडीसुद्धा धोतराच्या सोग्याने धरू लागले. तरी शनिवार आला तसे ते निघाले, आणि धीर यावा म्हणून मला बरोबर घेतलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. माफी मागायची राहिली होती ती मार्थाबाईची. ही एकटी बाई आमच्या देवळाची झाडलोट करी, घंटा वाजवी. झाडताना धूळ नेमकी आपल्या बाकावर लोटते म्हणून काका तिच्यावर खेकसले होते. आणि आता तिलाच पटकीने धरलं होतं. तिच्या घराकडे कुणी फिरकत नव्हतं.

काका कुंपणाशीच थांबले. नाकाला रुमाल लावून ओरडले, "मार्थाबाई, राग धरू नका! क्षमा करा!"

आतून अगदी खोल गेलेला आवाज आला, "आवं, माफी काय पिऊ व्हय? घोटभर पानी द्या."

काका एक पाऊल मागे सरले. मीही. ते आता पळणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, पळाले असते तर मी त्यांच्या पुढे असतो. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "मला फार भीती वाटते रे," म्हणाले, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. प्रभुभोजनाला काकांची जागा रिकामी होती आणि मावशी भाकरीचा तुकडा हातात धरून दाराकडे बघत होती. उपासना सुटल्यावर मी जीव मुठीत धरून त्या कुंपणाशी गेलो. काका मार्थाबाईला चमच्याचमच्याने उकळलेलं पाणी पाजत होते आणि तोंडाने "प्रभो, मला नको रे, मला नको" चालूच होतं.

"काका, प्रभुभोजन चुकलं तुमचं," मी लांबूनच म्हणालो.

"चुकलं खरं. काय करणार, इथे वाढायला मी एकटाच होतो."

मार्थाबाई वाचली. काकांना काही झालं नाही, नुसत्या भीतीने पोट तेवढं दुखत राहिलं. पुढे ते शनिवारी कुणाच्याही दाराशी आले की आधी विचारत, "घरात पाणी आहे ना?" माफी मागाहून.

काका गेले तेव्हा घंटा मार्थाबाईनेच वाजवली. आता मला मनातल्या मनात गाढव म्हणणारे पुष्कळ असतील. शनिवारी येऊन सांगणारा कुणी नाही. आणि घोटभर पाण्यासाठी हाक मारायची वेळ आली, तर कुंपण ओलांडून कोण येईल, याची मला आताशा फार भीती वाटते.