पवनीचे गुरुजी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, नागपूरच्या कळमना बाजारात वीस वर्षं शेजारी गाळा असलेल्या माणसालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तुमच्याशी मला कसला भाव करायचा नाही.

भाव करणं हाच माझा धंदा. मी बारदानाचा व्यापारी, म्हणजे जुन्या पोत्यांचा. बाजारात रिकामी झालेली पोती घ्यायची, उसवायची, फाटकी पुन्हा शिवायची आणि विकायची. सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे एक दाभण होतं आणि दुसऱ्याची सायकल. आज दोन गोदामं आहेत. हात धरून कोणी वर आणलं नाही, म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. राग नाकावर असतो, हे मला ठाऊक आहे. बायको पाच वर्षांपूर्वी मुलीकडे अमरावतीला गेली, ती तिकडेच राहिली. भांडण असं झालं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्यासंग बोलाचं म्हणजे लिलावात उभं राहाचं." मग घरी मी आणि फोन. फोनही यायचे ते पोत्यांचा भाव विचारायला.

आणि कॉमिक्स. लहानपणी आमच्या वस्तीत एका पानठेल्यावर ती भाड्याने मिळायची. घरी न्यायची तर अनामत लागे, ती माझ्याकडे नसे, म्हणून मी ठेल्यापाशी उभ्यानेच वाचायचो. पैसा आल्यावर मी तीच कॉमिक्स शोधून विकत घेऊ लागलो — आणि हात व्यापाऱ्याचा, त्यामुळे लवकरच विकूही लागलो. फोनवर जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांचा एक गट आहे. चारशे माणसं असतील. विकणारा फोटो टाकतो, खाली बोल्या लागतात, रविवारी संध्याकाळी सातला लिलाव बंद. शेवटची बोली ज्याची, त्याचं पुस्तक.

यात एक गोष्ट समजून घ्या, पुढे लागेल. भाड्याने देणारे दुकानदार कॉमिक टिकावं म्हणून कडेने जाड दोऱ्याने शिवून टाकत. संग्राहकांना शिवलेली प्रत नको असते. न शिवलेली तिच्या चौपट भावाने जाते.

आता माझ्यावर झालेला अन्याय सांगतो. तो मी इतकी वर्षं सांगत आलोय की मला तो चांगला जमतो.

गटात रामटेके नावाचे एक गृहस्थ होते. नागपूरचेच, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. आम्ही कधी भेटलो नव्हतो. त्यांनी माझ्या लिलावातून एक प्रत घेतली. मी 'न शिवलेली' असं लिहून विकली होती. आठवड्याने त्यांनी गटावर फोटो टाकला — पान उजेडासमोर धरलेलं, आणि कडेला बुजवलेली तीन भोकं. खाली एकच ओळ: 'विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.'

चारशे माणसांसमोर! मला खासगीत विचारता आलं नसतं? मी पेटलो. "काहून गा, पैसे वापस पाहिजेत तर सांग नं, तमाशा काहून करतो?" असं काय काय लिहिलं. तुम्हीवरून तूवर आलो. गट चालवणाऱ्याने मला महिनाभर बाहेर काढलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, हे बालंट आहे, मी अशीच विकत घेतली होती.

अशीच घेतली नव्हती. शिवण मी उसवली होती. दोरा खेचला तर कागद फाटतो, तो कुठे कापायचा आणि कोणत्या बाजूने काढायचा, हे पोती उसवणाऱ्यालाच कळतं. भोकं तांदळाच्या पातळ खळीने बुजवली होती. म्हणजे त्या माणसाने लिहिलं ते खरं होतं. तरी मी त्याच्यावर वर्षानुवर्षं राग धरला. खोट्या आरोपाचा राग कधीतरी निवतो. खऱ्याचा निवत नाही — तुमचा काय अनुभव?

त्या महिन्याभरात मी दुसरा फोन घेतला आणि एक माणूस तयार केला. टेंभरे गुरुजी, निवृत्त शिक्षक, मुक्काम पवनी. फोटोच्या जागी एक कडुनिंब. काम एकच: रामटेके जिथे बोली लावतील तिथे गुरुजींनी वर बोली लावायची, त्यांना चढवत न्यायचं, आणि नेमकं शेवटी थांबायचं. मी परत गटात आल्यावर माझ्या स्वतःच्या लिलावातही गुरुजी यायचे. शंभराचं पुस्तक मी त्यांना सातशेला घ्यायला लावलं आहे. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग एक दिवस गुरुजींच्या फोनवर रामटेक्यांचा निरोप आला. आवाजात बोललेला.

"गुरुजी, आपण दोघं एकमेकाले महाग पडून राहिलो. असं करू, तुम्हाले जे पाहिजे ते सांगा, मी सरकतो. मले पाहिजे तिथं तुम्ही सरका. काहून त्या बारदानवाल्याची दिवाळी कराची?" आणि मोठ्याने हसले.

मीही हसलो. गोदामात एकटाच.

माझा आवाज कधी बाजारात त्यांच्या कानावर पडला असला तर? म्हणून मी लिहून कळवलं, घशाचं ऑपरेशन झालंय, बोलता येत नाही. त्यानंतर ते बोलायचे आणि मी लिहायचो. रोज. सकाळी चहाच्या वेळी, पोत्यांच्या थप्पीवर बसून मी त्यांचा आवाज ऐकायचो. ते सांगायचे, त्यांचे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी बाप घरी यायचा तो एक कॉमिक घेऊन. पुस्तक फाटू नये म्हणून गिरणीतल्या पांढऱ्या दोऱ्याने स्वतः शिवायचा, आत पेन्सिलीने तारीख घालायचा, आणि मग पोराच्या हातात द्यायचा. "लोक म्हणतात शिवलेल्याले किंमत नाही," रामटेके म्हणाले, "माह्या घरी तेच सगळ्यात वर ठेवले आहेत."

मी काय लिहिलं? 'खरं आहे, साहेब.' आणि तुम्हाला सांगतो, लिहिताना ते मला खरंच वाटत होतं. गुरुजी माझ्यापेक्षा चांगला माणूस होता. त्याला राग येत नसे. रामटेक्यांनी पाठीचं दुखणं सांगितलं की तो औषध विचारायचा. मला आयुष्यात कोणी 'जेवलात का' असं रोज विचारलं असेल, तर ते त्या दोन वर्षांत — आणि तेही मला नव्हे, पवनीच्या माणसाला.

तेव्हाच थांबायला हवं होतं. सांगून टाकायला हवं होतं.

एकदा जबलपूरच्या कोणीतरी एक कॉमिक लिलावाला काढलं. दोन भागांतल्या गोष्टीचा दुसरा भाग. त्याचा पहिला भाग रामटेक्यांकडे होता, वडिलांनी आणलेला शेवटचा. दुसरा भाग निघाला त्या महिन्यात गिरणी बंद पडली होती. गोष्टीत पुढे काय झालं हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी गुरुजींच्या नावाने सवयीने एक बोली टाकली. रामटेक्यांचा निरोप लगेच आला, "तुम्हाले पाहिजे होय? मग घ्या. मी सरकतो." ठरलं होतं ना, सरकायचं. ते सरकले. पुस्तक मला पडत्या भावात मिळालं.

तुम्ही म्हणाल, लगेच पाठवून द्यायचं. पाठवणारच होतो. गुंडाळलं, पत्ता लिहिला. मग वाटलं, पाकिटावर शिक्का नागपूरचा पडेल, पवनीचा नाही. पवनी काय विलायतेत आहे? सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येता आलं असतं. नाही गेलो. तेवढ्यात रामटेक्यांना रामदासपेठेत एका दवाखान्यात भरती केलं. आवाज बारीक झाला, निरोप छोटे झाले. शेवटचा असा: "गुरुजी, मी हिले सांगून ठेवलं आहे. माह्यामागं सगळं तुम्हालेच. तुम्ही द्यान ते ती घेईन. पुस्तकं एका जागी राहिली पाहिजेत, बस."

मी लिहिलं, 'राहतील.'

ते गेले. महिन्याभराने मी छोटा टेम्पो घेऊन नागपुरातच इंदोरा वस्तीत त्यांच्या घरी गेलो, गुरुजींचा भाचा म्हणून. वहिनींनी चहा केला. समोरच्या फळीवर बुद्धाची लहानशी मूर्ती होती, तिच्या शेजारी रामटेके साहेबांचा फोटो, आणि खाली भिंतभर पुस्तकं. साडेसहाशेच्या वर. मी तो माणूस पहिल्यांदा पाहत होतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा तब्येतीने बराच किरकोळ.

"हे रोज नाव काढत तुमच्या मामाचं," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, एवढा चांगला माणूस अन् बिचाऱ्याले बोलता येत नाही." मग म्हणाल्या, "पोरीची शेवटच्या वर्षाची फी राहिली आहे. वीस हजार झाले तर बरं होईन."

त्या संग्रहाची किंमत याच्या कितीतरी पट होती. मी 'हो' म्हणायला हवं होतं, नाही का? पण माझा हात फळीकडे गेला. वरच्या ओळीतलं एक कॉमिक काढलं, उलटंपालटं केलं आणि मी म्हणालो, "वहिनी, हे तर शिवलेले आहेत. शिवलेल्याले भाव नाही."

"ते आमच्या सासऱ्यांनी शिवले," त्या म्हणाल्या.

"बारा देतो."

त्या त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. भाव करणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. "बरं," त्या म्हणाल्या. "गुरुजींले जास्त समजते." पुस्तकं टेम्पोत चढवायला त्या स्वतः हात लावत होत्या. सोबत एक यादीची वहीही दिली.

गोदामात सगळी पुस्तकं ओळीने लावून मी एक फोटो काढला. मग तीन रविवार बसून रामटेक्यांच्या वडिलांनी शिवलेली सगळी उसवली. तारखा खोडरबराने पुसल्या, भोकं बुजवली. नंतर लिलावाला काढली, एकेक करून, 'न शिवलेली' असं लिहून. या वेळी कोणी पान उजेडासमोर धरलं नाही. धरणारा गेला होता. चार महिन्यांत संग्रह देशभर पांगला. दोरा टाकून द्यायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. गिरणीचा दोरा पक्का होता. दुहेरी करून मी त्याने पोती शिवली.

तो दुसरा भाग तेवढा माझ्याकडे राहिला. अजून उघडलेला नाही.

वहिनी गुरुजींना अधूनमधून लिहायच्या. 'पुस्तकं नीट आहेत ना?' मी तो जुना फोटो पाठवायचो. एकदा त्यांनी विचारलं, 'मागे पोती दिसून राहिली, धान ठेवता का तिथं?' मी लिहिलं, 'हो, घरचं आहे.' या उन्हाळ्यात त्यांनी लिहिलं, पोरीचं लग्न ठरलंय, जावयाला तिच्या आजोबांनी शिवलेली पुस्तकं दाखवायची आहेत, पवनीला येऊ का? मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग भाचा बनून कळवलं, 'मामा काल वारले.'

वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला फोन थरथरला. मी गोदामात होतो. 'भाऊ, आम्ही मायलेकी पवनीत आलो. साहेब असते तर आलेच असते. स्टँडवर पाचसात जणांले विचारलं, टेंभरे गुरुजी कोणाले माहीत नाही. घर सापडून नाही राहिलं. कोण्या मोहल्ल्यात आहे?'

मी तो निरोप वाचला. वाचल्याची खूण त्यांना दिसली असणार. थोड्या वेळाने दुसरा आला: 'शाळेतही विचारलं. आम्ही झाडाखाली बसून आहोत.'

मी फोन बंद केला. तो अजून बंद आहे. त्या दुपारी दोनशे पोत्यांची गाडी यायची होती. ती आली. मी ती उतरवून घेतली, आणि भाव केला.