आठशे त्रेपन्न नकाशे

स्क्रीनवर ‘फॉल्स’ आलं आणि रुखसारनं माऊसवरचा हात काढून घेतला. पुसदच्या आमच्या कॉलेजमधल्या लॅबचा पंखा असा करकरतो, की राळेगावात झोपलेला माणूस उठून बसावा. त्या दुपारी मला तो ऐकूच आला नाही.

रुखसार माझी पीएचडीची विद्यार्थिनी. वडिलांचं ढाणकीला गॅरेज. विषय ग्राफ थिअरी. ग्राफ म्हणजे काही गावं आणि त्यांना जोडणारे रस्ते, एवढंच. अशा प्रत्येक नकाशात एक ठरावीक गोष्ट खरी असतेच, हे तिला सिद्ध करायचं होतं. त्यात चार वर्षं गेली. सात गावांपर्यंतचे नकाशे मी हातानं तपासलेले. त्या पायावर तिनं पुढची सिद्धता रचलेली.

नोंदणीची मुदत संपत आलेली, थीसिस जमा करायला आठ दिवस होते. मीच म्हणालो, कॉम्प्युटरचा पुरावाही जोड, वजन पडतं. सॉफ्टवेअर ओपन, म्हणजे फुकट आणि कोड सगळ्यांसमोर उघडा. परीक्षक घरी बसून तीच फाइल चालवू शकतो. थापा मारायची सोय नाही.

सहा गावांचे जोडलेले, म्हणजे एकही गाव सुटं न पडणारे, नकाशे एकशे बारा. सगळे ‘ट्रू’. सात गावांचे आठशे त्रेपन्न. त्यातल्या एकापाशी अडलं.

“कोड चुकला असेल,” मी म्हणालो.

“तीनदा पाह्यला, सर.” तिनं तो नकाशा कागदावर काढला, बोटानं रस्ते मोजले. “खरंच खोटं ठरून राह्यलं. तुम्ही त सातचे सगळे पाह्यले होते ना?”

मी एकशे बारा पाहिले होते, मग कंटाळलो. पण स्टाफरूममध्ये चहा पिताना ‘आठशे त्रेपन्न काढले, दोन रिम कागद संपला’ असं ठोकून दिलं. सगळे हसले. सही घ्यायला आलेल्या रुखसारनं ते खरं मानून वहीत लिहून घेतलं.

“सहापर्यंतच पाहिले होते,” मी म्हणालो.

“मंग सांगाचं ना, सर. मशीनवर चार मिनिटांचं काम होतं.” तिनं कागदाची घडी केली. “आता अब्बूले काय सांगू?”

मुदतवाढ मिळाली नाही. चूक माझी, असं मी विद्यापीठाला लिहून दिलं. त्यानं काही बदललं नाही. तिची नोंदणी रद्द झाली. आता ती ढाणकीच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. माझा फोन उचलते, तब्येत विचारते, ठेवते.

नवीन विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी सांगतो, माझं म्हणणं आधी मशीनवर तपासून घे. कारण विचारलं, तर विषय बदलतो.