टायमिंगचा सल्ला देणाऱ्याने पुढे यावं

या सिंगापूरच्या ग्रुपमधल्या शहाणपणाने माझ्या मुलाच्या लॉरीचं इंजिन खाल्लं. आता नमस्कार.

माझा संजू लिटिल इंडियातून दुकानांना किराणा पोचवतो. लॉरी जुनी, पेट्रोलची. रॅफल्स प्लेसला बँकेत बसणाऱ्या विनायकने त्याला इथेच सांगितलं, इंजिनाचं टायमिंग पुढे घे, ठिणगी लवकर पडली की पेट्रोल कमी लागतं. तुम्ही सगळ्यांनी त्याच्या मेसेजखाली शाब्बासकीचे अंगठे टाकले. संजूने आपल्या हातानेच टायमिंग फिरवलं. रिकामी लॉरी छान पळाली.

आज मागे तांदळाची पोती होती आणि मी शेजारी बसले होते. पाया लेबारच्या पुलावर चढताना इंजिन असं वाजायला लागलं, जसे डब्यात खडे हलवावेत.

"संज्या, थांबव."

"आई, थोडा आवाज होणारच. पेट्रोल वाचतंय ना."

चढ संपायच्या आत लॉरी बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, भरल्या गाडीत ठिणगी इतकी लवकर पडली की इंजिन आतून ठोके खातं, पिस्टनला भोक पडलंय. आता उद्यापासून संजूने माल काय डोक्यावरून न्यायचा?

माल भरून गाडी चालवून बघितली होती का तुमच्यातल्या एकाने तरी? अंगठेवाल्यांनी आता गप्प बसायचं. विनायक, उत्तर तू द्यायचंस, आणि बायकोला टाइप करायला बसवायचं नाही.