बाळाबाईची तिसरी खोली

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीचा मी बारा वर्षं सेक्रेटरी होतो. त्याआधी बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे नोटीस लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्यातल्या निम्म्या नोटिसा दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाबाई कोळणीला गेल्या. विषय एकच, सुक्या मासळीचा वास. नोटीस द्यायला गेलो की ती माझ्या हातात कागदात गुंडाळलेले बोंबील ठेवायची आणि मी ते घ्यायचो. खाई त्याला खवखवे! नोटिशीची भाषा पुढे पुढे मऊ होत गेली, हे कबूल करतो.

बाळाबाई तीस वर्षं नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसली. नवरा लवकर गेला. तिने मुलाला, कुंदनला शिकवलं आणि सोसायटीत फ्लॅट घेतला. कोळीवाड्यातून इकडे येणारी ती पहिली बाई. फ्लॅटला दोन बेडरूम आणि एक जादा खोली. त्या खोलीत बोंबील, जवळा, सोडे ठासून भरलेले असायचे. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की ती ते विकायची.

आता तिला हवा होता स्वतःचा, शटरवाला गाळा. "गुडगे गेले, पन धंदा सोडनार नाय," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. कोळीवाड्यातलं सासरचं घर दुरुस्त झालं होतं, राहायची अडचण नव्हती. फ्लॅट विकायचा आणि गाळा घ्यायचा, एवढंच. पण फ्लॅटला येणाऱ्या भावात गाळा बसेना, आणि गाळेवाला दिवाळीपलीकडे थांबायला तयार नव्हता.

एजंट मितेशने तोड काढली. "मावशी, गोडाऊन दाखवाल तर टू बीएचकेचाच भाव मिळणार. तिथे बेडरूम करा, मग बघा."

बाळाबाईने खोली रिकामी केली. प्लॅस्टर खरवडून नवं केलं, फिकट पिवळा रंग दिला, पलंग आणि कपाट आणलं, खिडकीला पडदे लावले. मग मायलेकांनी दारात उभं राहून खोल श्वास घेतला आणि वास नसल्याचं जाहीर केलं. मलाही बोलावलं. मी छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाही. पहिलं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून परत गेलं. दुसरं तर हॉलमधूनच फिरलं. बोंबील खाणाऱ्यांनीच बोंबलाचा वास तपासला होता, दुसरं काय होणार!

त्याच संध्याकाळी बाळाबाईने समोरच्या हेतलची बेल वाजवली. हेतल कट्टर शाकाहारी, कांदासुद्धा जपून खाणारी. माझ्याकडे आलेल्या सगळ्या तक्रारी तिच्याच. दोघींत कित्येक वर्षांत धड बोलणं नव्हतं. भांडण होणार म्हणून मी जिन्यात जाऊन थांबलो.

"पंदरा वर्स तू माज्या नावानं बोंब मारलीस," बाळाबाई म्हणाली. "आता तुजं नाक मना दे."

हेतल आधी बावरली, मग हसली, आणि चक्क आली. भिंती हुंगल्या, कपाट हुंगलं, पलंगाखाली वाकली. शेवटी वर बोट दाखवलं. "माळ्यावरून येतो, मावशी. ती लाकडं बघा."

माळ्याच्या फळ्यांत इतक्या वर्षांचं खारं पाणी मुरलं होतं. त्या काढल्या, भिंत पुन्हा धुतली, चुना मारला. हेतल रोज सकाळी पूजा आटोपून यायची आणि मान हलवायची, "हजी, अजून थोडा आहे." नवव्या दिवशी ती खोलीत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "गेला." बाळाबाईने तिचे दोन्ही हात धरले. मला भरून आलं, उगीच का खोटं बोलू?

रविवारी ईश्वरी आणि पार्थ हे जोडपं आलं, तेव्हा मीही तिथे होतो. त्यांच्याकडे पार्थची आई राहायला येणार होती, तिच्यासाठीच त्यांना तिसरी बेडरूम हवी होती. ईश्वरीने पलंगावर बसून पाहिलं, खिडकी उघडून पाहिली. तिला खोली आवडली हे आंधळ्यालाही कळलं असतं. "आधी इथे काय होतं?" तिने सहज विचारलं.

"स्टडी रूम," मितेश चटकन म्हणाला आणि बाळाबाईला डोळ्याने दटावलं.

"नाय गो बाय," बाळाबाई म्हणाली. "सुकी मासली व्हती. छतापरयंत. तिच्यावरच ह्यो फ्लॅट उबा हाय. वास हाय का, ते समोरच्या हेतलला इचार. ती अंडंबी खात नाय."

मितेशने कपाळाला हात लावला. मीही मनात म्हटलं, गेला गाळा.

ईश्वरीने खरंच हेतलला विचारलं. "वास असता तर मी तुम्हाला जिन्यातच सांगितलं असतं," हेतल म्हणाली. "खोटं बोलणारी बाई नाही ती. भांडते, पण खरं बोलते."

तिसऱ्या दिवशी मितेशचा फोन आला. मागितलेला भाव एक पैसा न तोडता मान्य. आई राहणार त्या घरात लपवाछपवी नको, असं ईश्वरीचं म्हणणं होतं. घर विकणारीच सगळं सांगते, मग घासाघीस कशाला!

कागदपत्रं तपासायला बाळाबाईने मला वकिलाकडे नेलं. मी मसुदा मोठ्याने वाचू लागलो. "लिहून देणार, श्रीमती बाळाबाई, वय एकसष्ट, धंदा घरकाम..."

"थांबा," ती म्हणाली. "ता खोडा."

"आजी, बायकांच्या नावापुढे असंच लिहितात," वकील म्हणाला. "त्याने काही फरक पडत नाही."

"घरकाम मी पन केलं. पन घरकाम करून कोनाला फ्लॅट भेटतो, सांगा." तिने कागदावर बोट ठेवलं. "लिवा, धंदा मासली विकने."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात शेकडो दस्त मी वाचले, प्रत्येक बाईच्या नावापुढे घरकामच वाचत आलो, आणि कधी थबकलो नव्हतो. मी म्हटलं, "पान बदला, साहेब. बाई बरोबर बोलतायत."

पान बदललं. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग सही केली.