वाटेत कोण भेटलं?

हिमायतनगरातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात दर रविवारी एक काका येतात. नाव मी कधी विचारलं नाही. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. आल्या आल्या रुमालाने हात पुसायचे आणि जाडजूड शब्दकोश थेट एखाद्या मुलाच्या मांडीवर ठेवायचा.

"बेगम बाजारात हळदीचं दुकान कसं शोधता? आधी गल्ली, मग वळण. इथंही तसंच! पहिलं अक्षर गल्ली, दुसरं वळण."

माझी मुलगी तेलुगू फडाफड बोलते, पण मराठी अडखळत वाचते. काकांनी तिला 'झुळूक' शोधायला सांगितलं. तिचं बोट पानावर इतकं रेंगाळलं की मला राहवेना.

"अगं, झुळूक म्हणजे..."

"नक्को ताई!" काकांनी माझ्यापुढे हेल्मेटच आडवं धरलं. "तुम्ही सांगितलं तर अर्थ मिळेल हो तिला, पण फेरफटका बुडेल ना!"

शब्द सापडला तरी काका अर्थ लगेच विचारत नाहीत. आधी विचारतात, "वाटेत कोण भेटलं?"

"झुंबर," मुलगी म्हणाली, "आणि झुरळ!"

सगळी मुलं खिदळली. सगळ्यांत जास्त काकाच.

शेवटी मी एक शब्दकोश घरी आणला. काल एका शब्दासाठी तिने तो उघडला. पानं वाढून मी हाका मारतेय, वरण निवतंय, आणि ही जागची हलत नाही.

"अगं, एक शब्द शोधायला एवढा वेळ?"

कोशातून मान वर न काढता ती म्हणाली, "थांब ना आई. वाटेत फार गर्दी आहे."