राहिलेलं सूनमुख

आमच्या आजीने सुनेचं तोंड पाहिलं, तेव्हा सुनेचं पहिलं पोर शाळेत जायला लागलं होतं.

ते पोर म्हणजे मी. ती सून म्हणजे माझी आई.

आई आज पहाटे गेली.

तिचं लग्न पन्नासच्या दशकातलं. आजीच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू होता. सूनमुखाची वेळ आली, सासूने आरशात सुनेचा चेहरा बघायचा ती.

आजीने आरसा बाजूला केला आणि आईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"गाल बरे आसत हां," म्हणाली. मग आरसा फडक्यात गुंडाळून आईकडेच दिला. "जपून ठेय. डोळे इले काय बघतलंय."

डोळे कुठून येणार? ऑपरेशन म्हणजे मुंबई नाहीतर मिरज. बाबा मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येणार तेवढेच. आणि गावात ज्याला विचारावं तो डॉक्टर. "मोतीबिंदू अजून पिकूक नाय!" आंबा असल्यासारखं.

आईने ओटीपासून विहिरीपर्यंत सुंभाची दोरी बांधली. आजी तिला धरून चालायची. दोरी झिजली की आई नवी बांधायची.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मालवणात एका शाळेत डोळ्यांचा कॅम्प लागला. वर्गातले बाक बाहेर, पेशंट चटयांवर. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आजीच्या पिशव्या आईने आपलं जुनं लुगडं फाडून शिवल्या होत्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खोकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, वाकायचं तर मुळीच नाही. चष्मा नंतर मिळेल.

पट्टी निघाली तेव्हा आजीला उजेड दिसला. हलणारी बोटं दिसली. बैलगाडीतून येताना ती लहान मुलीसारखी बडबडत होती.

आमच्याकडे बाहेरून आलेलं माणूस देवळाच्या पायरीला डोकं टेकल्याशिवाय घरी जात नाही. गाडी थांबली. आई नारळ काढायला वळली, आणि तेवढ्यात आजी जन्माच्या सवयीने वाकली. कपाळ पायरीला लागलं.

डोळा गेला.

गाव काय म्हणालं? "सुनेन लक्ष दिवक व्हया होता." आईने दुसऱ्या दिवशी विहिरीची झिजलेली दोरी काढून नवी बांधली. मला मात्र त्या लोकांचा अजून राग येतो. त्यातलं आता कोणी उरलेलं नाही, तरी येतो.

पुढच्या वर्षी पुन्हा कॅम्प लागला. आजी हटून बसली. "एक गेलो तो पुरो."

आईने फडक्यातला आरसा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"आये, सूनमुख रवलला हा. माझा तोंड बघूचा नाय काय तुमका?"

आजी उठली.

पण यावेळी आई तिला आधी देवळात घेऊन गेली. गुरवाला म्हणाली, गाऱ्हाणं घाला. मी आईचा पदर धरून उभी होते. गुरवाने देवाला हाक घातली.

"बा देवा म्हाराजा, हिचो डोळो बरो होयसर हिका वाकूचा नाय. हिच्या वाटणीचो नमस्कार हिची सून घालतली. तो मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी पण ओरडले.

ऑपरेशन करून येताना आजी पायरीपाशी ताठ उभी राहिली. आई दोनदा वाकली.

पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. आजीने ओटीवर, उजेडात, आईला शेजारी बसवून आरसा धरला. किती वेळ बघत होती कोण जाणे.

आई तोवर वाळून काळवंडली होती. शेतीचं, गुरांचं, आजीचं सगळं एकटीने करून.

"माझ्या हाताक लागलेले गाल खंय गेले गो, चेडवा?" आजी म्हणाली, आणि रडायला लागली. रडू पण नका हो, डॉक्टर ओरडतील, असं म्हणत आईसुद्धा रडली.

आजी गेल्यावरही आई देवळात दोनदाच वाकायची. "ह्यो माझो, ह्यो आजयेचो." ते गाऱ्हाणं सोडवायचं कोणी सांगितलंच नव्हतं.

अलीकडे आईच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स झाली. सकाळी गेली, दुपारी घरी जेवायला. तरुण डॉक्टर म्हणाला, आजी, थोडे दिवस वाकू नका हं. आई म्हणाली, "तां माका तुमच्या जल्माच्या आदीपासून म्हायत आसा."

आये, आज तुला उचलायच्या आधी सगळे एकेक करून पाया पडले. मी दोनदा वाकले. बघणाऱ्यांना वाटलं, मुलगी आहे, भान राहिलं नसेल.

भान होतं, आये.

एक माझा.

एक आजीचा. सासू सुनेच्या पाया पडत नाही, म्हणून तिचा राहिला होता.

ये आता.